इतिहास अंगावर घालताना

(ऐतिहासिक नाट्यप्रयोग, शोभायात्रा आणि प्रदर्शने यांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



या अभ्यासवर्गात दुर्गांवर बोलणे झाले, शस्त्रांवर झाले, मोडी कागदपत्रांवरही झाले. त्या मानाने माझा विषय काहीसा हलका वाटण्याची शक्यता आहे. ऐतिहासिक विषयावर उभारलेल्या उद्यानांत काम करणारी माणसे अंगावर काय घालतात, हा तो विषय. वेशभूषा म्हणजे रंगपटातली वस्तू. ती भाड्याने आणायची आणि प्रयोग संपला की गाठोड्यात बांधून परत करायची, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती समजूत थोडी हलवावी, एवढाच माझा हेतू आहे.

असे पाहा. एखाद्या ऐतिहासिक उद्यानात आपण कुटुंबासह जातो. तेथील वास्तू अभ्यासपूर्वक उभारलेल्या असतात, भिंतींवर माहितीचे फलक असतात. ते फलक किती जण वाचतात? फारच थोडे. परंतु दाराशी उभा असलेला पहारेकरी, भट्टीपाशी बसलेला लोहार, तिकिटे तपासणारी मुलगी यांच्या अंगावरचा वेश प्रत्येक जण पाहतो. लहान मुले तर आधी तोच पाहतात. त्या पहारेकऱ्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढले जाते आणि ते घरी जाते. त्या काळी माणसे कशी दिसत, याचे जे चित्र त्या मुलाच्या मनात आयुष्यभर राहते, ते त्या अंगरख्यातून आलेले असते. ग्रंथात चुकीचे विधान झाले, तर पुढच्या आवृत्तीला शुद्धिपत्र जोडता येते. चुकीच्या अंगरख्याला शुद्धिपत्र कोठे जोडणार?

या बाबतीत दीर्घकाळ आणि चिकाटीने काम झालेले एक ठिकाण अमेरिकेत आहे. व्हर्जिनिया राज्यातील विल्यम्सबर्ग हे ते गाव. १६९९ पासून १७८० पर्यंत ही व्हर्जिनियाची राजधानी होती. पुढे राजधानी रिचमंडला गेली आणि गाव मागे पडले. १९२६ मध्ये तेथील ब्रूटन पॅरिश चर्चचे धर्मोपदेशक डब्ल्यू. ए. आर. गुडविन यांनी धाकटे जॉन डी. रॉकफेलर यांचे मन वळवले आणि अठराव्या शतकातील गाव जसे होते तसे पुन्हा उभे करण्याचे काम सुरू झाले. घरे सावरली गेली, पाडलेल्या वास्तू पायाच्या खुणांवरून पुन्हा बांधल्या गेल्या. १९३४ पासून पाहुण्यांना वास्तू दाखवणाऱ्या स्त्रिया जुन्या काळच्या पोशाखात दिसू लागल्या.

ते पहिले पोशाख आज छायाचित्रांत पाहिले तर गंमत वाटते. घेरदार झगे, फिकट गुलाबी-निळसर छटा, आणि केशरचना मात्र विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकातली! हेतू चांगला होता, पण आपल्या पणज्या जशा दिसाव्यात असे त्या पिढीला वाटत होते, तशा त्या दाखवल्या गेल्या. ही अवस्था सर्वत्र आधी येतेच. आपल्याकडेही ती आहे आणि अजून संपलेली नाही.

विल्यम्सबर्गचे वेगळेपण असे की तेथील मंडळी तेवढ्यावर थांबली नाहीत. त्यांनी अठराव्या शतकातील खरे कपडे जमवण्यास आरंभ केला. ते उलटेपालटे करून आतली शिवण पाहिली, कापडाचा अर्ज मोजला, ठिगळे कोठे लावली आहेत याची नोंद केली. त्या संग्रहाच्या अभिरक्षक लिंडा बॉमगार्टन यांनी त्यावर लिहिलेला ग्रंथ २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. पोशाखाच्या अभ्यासकांत तो आजही मानला जातो. शिवाय गावात मार्गारेट हंटर या अठराव्या शतकातील व्यावसायिक स्त्रीच्या नावाचे दुकान आहे. तेथे कारागीर पाहुण्यांसमोर बसून हाताने झगे शिवतात. हे केवळ दृश्य नाही, तो प्रयोग आहे. एक टाका किती वेळ खातो, कापड वाचवण्यासाठी तुकडा कसा बेतावा, हे शिवल्यावाचून कळत नाही. शेकडो सेवकांचे रोजचे कपडे मात्र एका स्वतंत्र शिवणविभागात तयार होतात. तेथे आत यंत्राची शिवण चालते, बाहेर दिसणारा टाका हाताचा असतो. ही तडजोड त्यांनी समजून उमजून केली आहे आणि ती ते लपवतही नाहीत.

या अभ्यासातून जे कळले ते विलक्षण आहे. त्या काळच्या पुरुषांच्या कोटाची पाठ इतकी अरुंद बेतलेली असे की खांदे आपोआप मागे जात. स्त्रियांचे झगे पुढच्या बाजूस पुष्कळदा नुसत्या टाचण्यांनी लावलेले असत. आतील ताठ काचोळी घातली की वाकता येते ते कमरेतून, पाठीतून नाही. म्हणजे तो वेश घातला की मनुष्याची चाल बदलते, बसणे बदलते, चुलीवरचे भांडे उचलण्याची रीत बदलते. आपल्याकडे कासोटा घातलेली स्त्री आणि गोल साडी नेसलेली स्त्री यांच्या चालीत जो फरक पडतो, तो आपल्याला ठाऊकच आहे. चित्रातून हे कळत नाही. आणि व्हर्जिनियाच्या दमट उन्हाळ्यात इतके कपडे घालून दिवसभर उभे राहणाऱ्या त्या माणसाला पाहुणा पहिला प्रश्न विचारतो तो उकाड्याचा! त्या प्रश्नावरच त्याला खऱ्या निरूपणाची वाट सापडते. तागाचा सदरा घाम कसा शोषतो, इंग्लंडच्या थंडीतला कोट या उष्ण वसाहतीत अट्टाहासाने का घातला जाई, प्रतिष्ठेसाठी मनुष्य किती सोसतो, असे विषयामागून विषय निघत जातात. अशा सेवकाला निरूपणकार म्हणावे असे मला वाटते. आपल्या कीर्तनपरंपरेतला हा शब्द तेथे चपखल बसतो.

आता या कहाणीचा दुसरा आणि जड भाग. अठराव्या शतकातील विल्यम्सबर्गमध्ये जवळजवळ निम्मी वस्ती कृष्णवर्णीयांची होती आणि त्यांतील बहुतेक सर्व गुलाम होते. पुनर्निर्मित गावात मात्र दशकानुदशके रेशमी झगे आणि पांढरे टोप तेवढे ठळकपणे दिसत राहिले. १९७९ मध्ये कृष्णवर्णीय कलाकारांना घेऊन गुलामांच्या जीवनाचे निरूपण सुरू झाले. मग प्रश्न आला की त्यांनी घालायचे काय? गुलामांचे कपडे कोणी जपून ठेवत नाही. ते झिजतात, फाटतात, त्यांच्या चिंध्या होतात. संग्रहालयात उरतो तो धन्याचा कोट.

येथे अभ्यासकांच्या मदतीला आली ती एक क्रूर साधनसामग्री. 'व्हर्जिनिया गॅझेट' या तेथील वृत्तपत्रात पळून गेलेल्या गुलामांच्या आणि बांधील चाकरांच्या शोधासाठी धन्यांनी दिलेल्या जाहिराती. माणूस ओळखू यावा म्हणून त्यांत त्याच्या अंगावरील एकेका कपड्याचे वर्णन केलेले असे: जाड तागाचा सदरा, कोणत्या रंगाची बंडी, कशी बटणे, कोठे ठिगळ. ज्या धन्याने पकडण्यासाठी लिहिले, त्याच्याच शब्दांवरून आज त्या माणसाचा वेश पुन्हा शिवला जातो. सदरे बहुधा ऑस्नबर्ग नावाच्या भरड तागाचे असत. या जाहिरातींत 'पूर्व भारतीय' असे वर्णन असलेली माणसेही आढळतात, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. आपल्या किनाऱ्यांवरून नेलेला कोणी एक मनुष्य अडीचशे वर्षांपूर्वी व्हर्जिनियाच्या रानातून पळत होता, आणि त्याच्याविषयी जे मोजके कळते त्यात त्याच्या कपड्यांचे वर्णन असते.

१० ऑक्टोबर १९९४ रोजी विल्यम्सबर्गमध्ये एका जुन्या पांथशाळेच्या पायऱ्यांवर गुलामांच्या लिलावाचा प्रसंग सादर झाला. मोठा जमाव जमला होता. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थांनी तीव्र निषेध केला. आमच्या पूर्वजांच्या यातनांचा खेळ मांडता काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्तच होता. त्या विभागाच्या प्रमुख क्रिस्टी कोलमन स्वतः कृष्णवर्णीय होत्या आणि विकल्या जाणाऱ्या गर्भवती स्त्रीची भूमिका त्यांनी स्वतः केली. निषेधासाठी आलेल्यांपैकी एका नेत्याने प्रसंग पाहिल्यावर आपले मत बदलल्याचे वृत्त तेव्हा आले होते. इतरांचे बदलले नाही. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की अवमानाचे ते वस्त्र कोणी कोणावर लादले नव्हते. ज्यांच्या पूर्वजांनी ते भोगले, त्यांनीच ते अंगावर घेतले, आणि त्यावरील प्रश्नांना त्याच वेशात उभे राहून उत्तर दिले.

याहून निराळा मार्ग मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथच्या संग्रहालयाने धरला. तेथे इंग्रज वसाहतकऱ्यांच्या वेशातील माणसे सतराव्या शतकातील असल्यासारखी बोलतात. परंतु शेजारच्या वाम्पानोअग वस्तीत काम करणारे मूलनिवासी हरणाच्या कातड्याचा पूर्वजांचा वेश घालूनही आजचे म्हणून बोलतात. आम्ही अजून आहोत, आम्ही नाटकातील पात्रे नाही, ही त्यांची भूमिका आहे. वेश तोच, पण तो घालून कोणत्या काळात उभे राहायचे याचा निर्णय त्यांनी आपल्या हाती ठेवला. २०२० मध्ये त्या संग्रहालयाने आपल्या नावात 'पटक्सेट' हे त्या जागेचे मूळ नावही सामावून घेतले.

पुन्हा विल्यम्सबर्गकडे येऊ, कारण तेथील पोशाखांच्या पेटाऱ्यात आपलेही काही आहे. श्रीमंत पुरुष घरात असताना कोट उतरवून एक सैल झगा घालत. त्याला त्यांनी 'बनियन' म्हटले. शब्द आपल्या वाण्यांचा. गुजराती व्यापाऱ्यांचे नाव पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेले आणि त्यांच्या सैल अंगरख्यासारख्या झग्याला चिकटले. आज आपण सदऱ्याच्या आत घालतो तो बनियन त्याच शब्दाचा परत आलेला प्रवासी आहे. स्त्रियांच्या झग्यांचे 'चिंट्झ' म्हणजे आपली छीट. 'कॅलिको' कालिकतवरून. 'बँडाना' हा रुमाल बांधणीचा. खलाशांच्या 'डंगरी'चे नाव तर मुंबईच्या डोंगरीवरून पडले असे मानले जाते.

ही छीट कोरोमंडल किनाऱ्यावर कशी तयार होई ते थोडे सांगतो, कारण तिच्याविषयी बोलताना आपण केवळ अभिमान व्यक्त करतो आणि पुढे जातो. कापड आधी हिरड्याच्या काढ्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवीत. मग लोखंडाच्या द्रावणाने काळ्या रेघा, तुरटीने लाल रंगाच्या जागा लेखणीने काढीत आणि चायमुळाच्या रंगात ते उकळीत. निळीसाठी उरलेला भाग मेणाने झाकून कापड निळीच्या पिंपात बुडवीत. असा रंग धुतल्याने उडत नसे, उलट खुले. युरोपाजवळ तेव्हा याला तोड नव्हती. म्हणून कायदे झाले. फ्रान्सने १६८६ मध्ये छिटांवर बंदी घातली. इंग्लंडने १७०० च्या कायद्याने आयातीला आळा घातला आणि १७२१ च्या कायद्याने अशी वस्त्रे वापरण्यावरही बंदी आणली. १७१९ मध्ये लंडनच्या विणकरांनी रस्त्यात छीट घातलेल्या स्त्रियांवर हल्ले केले होते. पण वसाहतींत पाठवण्यासाठी हा माल इंग्लंडच्या बंदरांतून जाऊ दिला जाई. म्हणजे लंडनच्या स्त्रीला जे वस्त्र कायद्याने निषिद्ध होते, ते व्हर्जिनियाची स्त्री उघडपणे मिरवीत होती! आज तेथील कोणी निरूपणकार स्त्री छिटेचा झगा घालून उभी राहते, तेव्हा मच्छलीपट्टणच्या बाजूच्या अनाम रंगाऱ्याची विद्या तिच्या अंगावर असते. हे तिला ठाऊक असते, आणि विचारले तर ती सांगते. आपल्या शाळांतील किती मुलांना ते ठाऊक आहे?

फ्रान्सचेही एक उदाहरण थोडक्यात देतो, कारण ते आपल्या स्वभावाला अधिक जवळचे आहे. वॉन्दे प्रांतातील पुई दु फू येथे १९७८ मध्ये फिलिप द व्हिलिए यांनी एका उद्ध्वस्त गढीच्या पार्श्वभूमीवर रात्रीचा भव्य इतिहासप्रयोग सुरू केला. १९८९ मध्ये त्याला जोडून उद्यान उभे राहिले. त्या रात्रीच्या प्रयोगात आजही अडीच हजारांच्या आसपास माणसे काम करतात आणि ती स्वयंसेवक आहेत. आसपासच्या गावांतील शेतकरी, शिक्षक, विद्यार्थी, कुटुंबेच्या कुटुंबे. आजोबांनी केलेली भूमिका नातू करतो. १७९३ च्या वॉन्देतील उठावाची आणि त्या कत्तलींची स्मृती पॅरिसच्या पाठ्यपुस्तकांनी दुय्यम ठरवली असे त्या लोकांना वाटत होते. ती त्यांनी आपल्या अंगावर चढवून जागी ठेवली. हे निर्विवाद कौतुकास्पद आहे. परंतु २०२२ मध्ये चार फ्रेंच इतिहासकारांनी या उद्यानातील इतिहासावर टीकाग्रंथ लिहिला आणि त्याच्या नावातच 'फू' ऐवजी 'फो', म्हणजे खोटे, अशी कोटी केली. त्यांचा रोख राजकीय आहे म्हणून तो सोडून देता येईल. तसे करू नये असे माझे मत आहे. ज्यांची श्रद्धा खरी आहे, त्यांनी तर पुराव्याच्या परीक्षेला सर्वांत आधी उभे राहिले पाहिजे.

आता घरी येतो. महाराष्ट्रात शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे यांनी १९८५ मध्ये 'जाणता राजा' रंगमंचावर आणले आणि सामान्य कुटुंबांतील शेकडो तरुणांनी मावळ्याचा वेश अंगावर घेतला. त्यांच्याच संकल्पनेतील आंबेगावच्या शिवसृष्टीचा पहिला टप्पा १९ फेब्रुवारी २०२३ रोजी खुला झाला. किल्ल्यांवर, जत्रांत, शोभायात्रांत हा वेश आता सर्वत्र दिसतो. उत्साहाची उणीव आपल्याला कधीच नव्हती. पण मंगल कार्यालयाच्या दाराशी भाला घेऊन वाकून वाकून पाहुण्यांचे स्वागत करणारा मावळाही आपण पाहतो आणि तेथेच जेवतो. त्या मुलाचा त्यात काही दोष नाही; तो आपल्या पोटासाठी उभा आहे. पण त्याला कोणी सांगितले आहे का, की त्याच्या अंगावर काय आहे? चकाकणारे पॉलिस्टर, सोनेरी चिकटपट्टी, डोक्यावर कारखान्यात साच्यावर बसवलेला फेटा. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, ही आनंदाची गोष्ट. पण ती एकोणिसाव्या शतकातल्या पुण्याची ओळख मानली जाते, आणि आपण ती सतराव्या शतकातल्या कारकुनाच्या डोक्यावर बिनदिक्कत ठेवतो.

सेफ्टी पिनेचा शोध १८४९ चा. पहिला कृत्रिम रंग १८५६ चा. त्यापूर्वीच्या माणसाच्या अंगावर तो भडक जांभळा असूच शकत नाही. आपला लाल रंग आलाच्या मुळीचा, कुसुंब्याचा, निळा निळीचा, पिवळा हळदीचा. आणि आपले सामान्य मावळे तर बहुतांशी मळखाऊ, भरड सुती कपड्यांत आणि खांद्यावरच्या घोंगडीत असणार. दिसायला ते कमी भव्य असेल. पण त्या साध्या घोंगडीतल्या माणसाने साम्राज्याला आव्हान दिले, यातली भव्यता मखमलीने वाढते की झाकली जाते, याचा विचार करा.

एक लहानसा तपशील सांगतो. त्या काळचा जामा छातीवरून आडवा जाऊन काखेपाशी बंदांनी बांधला जाई. हिंदूंचा बंद डाव्या बाजूस आणि मुसलमानांचा उजव्या बाजूस, हा सर्वसाधारण संकेत होता. जुन्या चित्रांतील माणसे ओळखताना अभ्यासक याच खुणेचा आधार घेतात. आपल्या शोभायात्रांतील जामे मी ठिकठिकाणी पाहिले आहेत. अनेकांना बंदच नसतात, मागे चेन असते. ज्यांना असतात त्यांची बाजू शिंप्याच्या सोयीने ठरलेली असते. ज्या खुणेत आपली ओळख होती, तीच आपण शिंप्यावर सोडली!

साधने नाहीत असे कोणी म्हणू नये. ॲमस्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयातील विट्सन चित्रसंग्रहात शिवाजी महाराजांचे गोवळकोंड्यात काढलेले, १६८६ च्या सुमाराचे चित्र आहे. मेणवलीच्या वाड्यात भित्तिचित्रे आहेत. १७९० च्या दशकात जेम्स वेल्स हा चित्रकार पुण्यात राहून सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे यांची चित्रे काढीत होता. पेशवे दफ्तरात कापडाच्या नोंदी आहेत. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात वस्त्रे आहेत. उणीव आहे ती ही सारी साधने आणि प्रत्यक्ष शिवणारा शिंपी यांना एका खोलीत बसवण्याची. तेवढे काम या वर्गातून निघाले तरी पुष्कळ झाले. प्रथम एकच पोशाख घ्या, साधी बाराबंदी. हातमागाचे सुती कापड, पुराव्यावरून ठरवलेला बेत, हाताचा टाका. ती जो घालील त्याला त्या कापडाविषयी, रंगाविषयी, बंदाविषयी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे देता आली पाहिजेत. नंतर दुसरा पोशाख.

आणि एक विनंती. आपल्यापैकी अनेकांच्या घरी पणजोबांचा अंगरखा, एखादे पागोटे, जुनी पैठणी पेटीच्या तळाशी असेल. ती कापून उशीचे अभ्रे शिवू नका, आणि गणपतीच्या मखराला तर मुळीच लावू नका. पेटी उघडाल तेव्हा कापड झटकू नका. घडीवर ते आधीच विरलेले असते. स्वच्छ सुती पंचावर ठेवून हलकेच उलगडा, मापे घ्या, आतील शिवणीची छायाचित्रे काढा, ते कोणाचे आणि कोणत्या गावचे ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहून ठेवा. मग जुनी घडी टाळून, मधे मऊ कापडाची सुरळी देऊन ते ठेवा. डांबराच्या गोळ्या त्याला लागू देऊ नका. आज संध्याकाळच्या सत्रात अशी दोन वस्त्रे येथे आणली आहेत. पाहण्यासाठी येताना हात धुऊन, कोरडे करून या.